चालू कोडमधून क्लास डायग्राम काढताना

क्लास डायग्राम म्हणजे कोडमधले क्लास आणि त्यांचे संबंध दाखवणारं चित्र. इंटेलिजे आयडिया या जावाच्या आयडीईत (कोड लिहायच्या साधनात) 'स्प्रिंग पेटक्लिनिक' उघडा, सगळ्यात वरच्या पॅकेजवर राइट-क्लिक करा आणि 'डायग्राम्स'मधून 'शो डायग्राम' निवडा. कीबोर्डवरून जायचं असेल तर कंट्रोल+आल्ट+शिफ्ट+यू. सुरुवातीला मॉडेल, ओनर, सिस्टम आणि व्हेट या पॅकेजांचे डबे दिसतात. राइट-क्लिक करून ते उलगडले की कंट्रोलर, रिपॉझिटरी, व्हॅलिडेटर, फॉरमॅटर सगळं एकदम पडद्यावर येतं. पेटक्लिनिक हा स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवाल्यांचा नमुना प्रकल्प, कोड खुला आणि आटोपशीर, म्हणून उदाहरणाला तोच घेतलाय. एवढ्या छोट्या प्रकल्पाचा डायग्राम झूम केल्याशिवाय वाचता येत नाही, तर शेकडो क्लासच्या प्रकल्पाचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

असा डायग्राम चुकीचा नसतो, पण त्याला आपण काही विचारलेलंच नसतं. म्हणून मी पॅकेजपासून सुरुवात करत नाही. आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढतो. उदाहरणार्थ, 'डेटाबेसमध्ये जाणाऱ्या वस्तूंचे एकमेकांशी संबंध काय?' किंवा 'ओनरच्या पानावरून सेव्ह दाबलं की कोणकोणते क्लास हलतात?' या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे दोन वेगळे डायग्राम. ते एकाच कागदावर कोंबले की दोन्ही वाया जातात.

त्याआधी एक पूर्वतयारी आहे, आणि बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं. आयडीई डायग्राम काढते ती स्वतःच्या इंडेक्सवरून. मेवन किंवा ग्रेडल (ही बिल्डची साधनं) प्रकल्प नीट इम्पोर्ट झाला नसेल, जेडीके (जावाचा विकास-संच) लावलेला नसेल किंवा खाली उजवीकडे इंडेक्सिंगची पट्टी अजून सरकत असेल, तर काही पालक क्लास ओळखलेच जात नाहीत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रेषा गुपचूप गायब होतात. एरर येत नाही. डायग्राम पूर्ण दिसतो आणि अर्धवट असतो. त्यामुळे आधी एक पूर्ण बिल्ड करून घ्यायचा. मॅपस्ट्रक्टसारखी साधनं बिल्डच्या वेळी क्लास तयार करतात. मेवनमध्ये ते 'टार्गेट' फोल्डरच्या आत 'जनरेटेड-सोर्सेस'मध्ये पडतात, ग्रेडलमध्ये 'बिल्ड'च्या आत. तो फोल्डर जनरेटेड सोर्स रूट म्हणून नोंदलेला नसेल, तर इंटरफेस दिसेल पण त्याचं इम्प्लिमेंटेशन दिसणार नाही. लॉम्बॉक (गेटर-सेटर आपोआप तयार करणारी लायब्ररी) वापरत असाल तर गेटर-सेटर सोर्समध्ये नसतातच. आयडियात लॉम्बॉकचं प्लगइन २०२०.३ पासून सोबतच येतं, त्यामुळे तिथे ते दिसतात. नुसता सोर्सचा मजकूर वाचणाऱ्या साधनाला मात्र ते दिसणार नाहीत. आणखी एक गोष्ट: आयडियातली क्लास डायग्रामची सोय अल्टिमेटच्या पैसे भरून घ्यायच्या भागात मोडते. फुकटच्या भागात हा मेनू शोधत बसू नका.

आता पहिला प्रश्न घेऊ, डेटाबेसमध्ये जाणाऱ्या वस्तूंचा. ओनर हा क्लास उघडायचा आणि त्या एकट्याचा डायग्राम काढायचा. ओनर येताना पालकांची साखळी घेऊन येतो: ओनरच्या वर पर्सन, त्याच्या वर बेसएंटिटी, आणि बेसएंटिटीने सीरियलायझेबल इम्प्लिमेंट केलेलं असल्यामुळे तोही. सीरियलायझेबलने इथे काहीच कळत नाही, त्यामुळे तो निवडून डिलीट. या डिलीटने क्लास फक्त चित्रातून जातो, कोडला हात लागत नाही. मग रिकाम्या जागी स्पेस दाबायची आणि येणाऱ्या चौकटीत नाव टाईप करून एकेक क्लास आणायचा: पेट, पेटटाइप, व्हिजिट, व्हेट, स्पेशल्टी. नेमड्एंटिटी पालक म्हणून लागतो, तोही. एखाद्या क्लासचे पालक एकदम हवे असतील तर कंट्रोल+आल्ट+पी, आणि इम्प्लिमेंटेशन हवी असतील तर कंट्रोल+आल्ट+बी.

एवढं झाल्यावर पडद्यावर ९ क्लास असतात. वारशाच्या रेषा ८: बेसएंटिटीखाली नेमड्एंटिटी, पर्सन आणि व्हिजिट; नेमड्एंटिटीखाली पेट, पेटटाइप आणि स्पेशल्टी; पर्सनखाली ओनर आणि व्हेट. आयडियात एक्स्टेंड्सची रेषा निळी सलग असते आणि इम्प्लिमेंट्सची हिरवी तुटक. त्रिकोणी टोक नेहमी पालकाकडे. क्लासच्या चौकोनांत मात्र अजून फक्त नावं असतात, आणि ते ठीकच आहे.

वरच्या टूलबारवर फील्ड, कन्स्ट्रक्टर, मेथड, प्रॉपर्टी, इनर क्लास अशी टॉगलची बटणं असतात. सगळी एकदम दाबायचा मोह आवरा. ओनरमध्ये पत्ता, शहर, टेलिफोन या प्रत्येकाचं गेटर-सेटर आहे, आणि त्या गर्दीत 'ॲड पेट' आणि 'ॲड व्हिजिट' या खऱ्या कामाच्या मेथड बुडून जातात. या प्रश्नासाठी फक्त फील्ड चालू ठेवायची. दिसण्याची पातळी, म्हणजे पब्लिकपासून प्रायव्हेटपर्यंत कुठवर दाखवायचं, ते वेगळं ठरवता येतं. इथे ती प्रायव्हेटपर्यंत न्यावी लागते, कारण एंटिटीची, म्हणजे डेटाबेसमध्ये जाणाऱ्या क्लासची, फील्ड बहुधा प्रायव्हेटच असतात. 'फील्ड चालू केली तरी चौकोन रिकामे का?' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

आता 'शो डिपेंडन्सीज' दाबलं की वारसा सोडून बाकीचे संबंध येतात. आपल्याला यातल्या ४ रेषा हव्यात: ओनरकडून पेट, पेटकडून पेटटाइप, पेटकडून व्हिजिट, व्हेटकडून स्पेशल्टी. यासोबत 'क्रिएट' असं लिहिलेल्या आणि नुसत्या वापराच्या तुटक रेषाही येऊ शकतात. ओनरच्या 'ॲड व्हिजिट' मेथडला व्हिजिट पॅरामीटर म्हणून मिळतो, म्हणून ओनरकडून व्हिजिटकडेही एक रेषा निघते. ती खरी आहे, पण रचनेचा भाग नाही. पहिल्या प्रश्नाच्या डायग्राममधून ती काढायची, दुसऱ्या प्रश्नाच्या डायग्राममध्ये ठेवायची.

इथपर्यंत यंत्राचं काम. पुढे काही गोष्टी अशा आहेत की त्या कोडमध्ये लिहिलेल्याच नसतात, आणि साधन त्या अंदाजाने भरतं.

पहिली, हिरा. यूएमएलमध्ये (अशा आकृत्यांच्या प्रमाण चिन्हपद्धतीत) भरीव हिरा म्हणजे कंपोझिशन: मालक गेला की भागही गेला. पोकळ हिरा म्हणजे ॲग्रिगेशन, आणि नुसती रेषा म्हणजे ओळखदेख. जावाच्या दृष्टीने तिन्ही सारखीच, एक फील्ड. बहुतेक साधनं फील्ड दिसलं की एकच चिन्ह सगळीकडे छापत सुटतात, त्यामुळे छापील हिऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोड उघडून बघा. ओनरमधल्या पेट्सच्या यादीवर वन-टू-मेनीचं ॲनोटेशन आहे आणि कॅस्केड 'ऑल' आहे, म्हणजे ओनर डिलीट केला की त्याचे पेट्सही जातात. इथे भरीव हिरा शोभतो. सोबत ऑर्फन रिमूव्हल (यादीतून काढलेली वस्तू डेटाबेसमधूनही जाणं) असेल तर दावा आणखी पक्का. पेट आणि व्हिजिटचंही तसंच. पेटकडून पेटटाइपकडे मात्र मेनी-टू-वन आहे आणि कॅस्केड नाही. एक मांजर डिलीट केली म्हणून 'मांजर' हा प्रकार डिलीट होत नाही. तिथे हिरा असेल तर तो काढून साधी रेषा करायची.

दुसरी, संख्या. यादी किंवा सेट दिसला की साधन पलीकडच्या टोकाला तारांकन लावतं, एकटं फील्ड दिसलं की १. अलीकडच्या टोकाचं काय? व्हेटमध्ये स्पेशल्टींचा सेट आहे, पण एक स्पेशल्टी किती व्हेटकडे असू शकते हे जावाच्या टाइपमधून कळत नाही. ॲनोटेशन मेनी-टू-मेनी आहे, म्हणून दोन्ही टोकांना तारांकन लागतं. ते हाताने लिहावं लागतं. एकट्या फील्डचा १ सुद्धा संशयास्पदच, कारण जावात ते नल असू शकतं. नल चालत असेल तर ०..१ लिहायचं.

तिसरी, दिशा. पेटक्लिनिकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ओनरला पेट माहीत आहे, पण पेटमध्ये ओनरचं फील्ड नाही. त्यामुळे बाण एकाच दिशेने, ओनरकडून पेटकडे जातो. डेटाबेसमध्ये मात्र ओनरचा आयडी पेट्सच्या टेबलात असतो, म्हणजे तिथला दुवा नेमका उलटा. टेबलांचा आराखडा डोक्यात ठेवून क्लास डायग्राम तपासणारे इथे हमखास 'बाण उलटा आलाय' म्हणतात. बाण बरोबर आहे, दोन चित्रं वेगळ्या गोष्टी दाखवतात.

चौथी गोष्ट दुसऱ्या प्रश्नाच्या डायग्राममध्ये भेटते. ओनरकंट्रोलरकडून ओनररिपॉझिटरीकडे रेषा जाते आणि तिथेच थांबते. रिपॉझिटरी हा इंटरफेस आहे, आणि त्याचं इम्प्लिमेंटेशन प्रकल्पात कुठेच नाही. शोधून सापडणार नाही, कारण स्प्रिंग डेटा ते ॲप्लिकेशन चालू होताना प्रॉक्सी म्हणून बनवतं. डिपेंडन्सी इंजेक्शन (लागणारी वस्तू बाहेरून देणं), रिफ्लेक्शन (चालताना नावावरून क्लास शोधणं) आणि कॉन्फिगरेशन फाइलमधून ठरणारे क्लास यांचं असंच असतं: चालताना असणारा दुवा स्थिर विश्लेषणाला दिसत नाही. अशा ठिकाणी एक टीप जोडायची, 'इम्प्लिमेंटेशन रनटाइमला'. नाहीतर डायग्राम बघणारा नवा माणूस अर्धा दिवस तो क्लास धुंडाळत बसतो.

मांडणीवर फार वेळ घालवू नका. वारसा मुख्य असेल तर हायरार्किक लेआउट, संबंध मुख्य असतील तर ऑर्गॅनिक. हलवाहलव केल्यावर एफ५ दाबलं की निवडलेला लेआउट परत लागू होतो, आणि हाताने लावलेल्या जागा त्यात पुसल्या जातात. म्हणून एफ५ आधी, बारीक सरकासरक नंतर. एका पानावर वाचता येईल अशी मर्यादा माझ्या मते १५ क्लासच्या आसपास. त्यापुढे गेलं की प्रश्न दोनात तोडायचा.

त्याच मेनूच्या घराण्यातली, फारशी न वापरली जाणारी एक सोय सांगून ठेवतो. कंट्रोल+आल्ट+शिफ्ट+डी दाबलं की अजून कमिट न केलेले बदल क्लास डायग्रामच्या रूपात दिसतात. मोठा रिफॅक्टर तपासायला हे उत्तम, कारण तिथे प्रश्न आपोआपच मर्यादित झालेला असतो.

आता बाहेर काढणं. चित्र म्हणून साठवता येतं, पण चित्र गिटमध्ये टाकलं की पुढच्या वेळी काय बदललं ते कळत नाही. आयडियाची स्वतःची फाइल साठवली तर ती आयडियाबाहेर उघडत नाही. नव्या आवृत्त्यांत प्लँटयूएमएल आणि मर्मेड या मजकुरी रूपांत निर्यात करता येते, मी तीच घेतो. हिरे, संख्या आणि टिपा यांची वर सांगितलेली दुरुस्ती या मजकुरात करायची. एका ओळीचं काम आहे:

ओनर "1" *-- "*" पेट : पेट्स

तारांकन आणि दोन आडव्या रेघा म्हणजे भरीव हिरा. तारांकनाच्या जागी इंग्रजी लहान 'ओ' लिहिला की पोकळ हिरा, आणि काहीच नसलं की साधी रेषा. रिकामे कप्पे लपवण्यासाठी वर एक ओळ लागते, 'हाइड एम्प्टी मेंबर्स'. ती नसेल तर प्रत्येक चौकोनाखाली दोन मोकळ्या पट्ट्या येतात आणि डायग्राम उगाच लांबतो.

प्लँटयूएमएलला क्लास डायग्रामसाठी ग्राफव्हिझ हे मांडणी करणारं साधन लागतं. ते बसवता येत नसेल तर फाइलमध्ये स्मेटाना लेआउटचा प्रॅग्मा लिहून काम भागतं, मांडणी थोडी वेगळी येते एवढंच. मोठ्या डायग्रामची उजवी किंवा खालची बाजू कापलेली दिसली तर तो बग नाही. पीएनजीची रुंदी आणि उंची मुळातच ४०९६ पिक्सेलला बांधलेली असते. 'प्लँटयूएमएल लिमिट साइज' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ८१९२ केलं की मर्यादा वाढते. त्यापेक्षा एसव्हीजी काढा, त्यात मजकूर शोधताही येतो. मर्मेडचा फायदा असा की गिटहब ते मार्कडाउनमध्ये थेट रंगवून दाखवतं, ही सोय २०२२ पासून आहे. तोटा असा की जेनेरिकचे कोनी कंस त्याला चालत नाहीत, त्यांच्या जागी टिल्ड लावावे लागतात. निर्यात केलेलं मर्मेड रंगत नसेल तर आधी तेच तपासा.

व्हिज्युअल स्टुडिओत सी-शार्पसाठी वेगळी वाट आहे. तिथलं साधन म्हणजे क्लास डिझायनर, आणि २०१७ च्या आवृत्तीपासून ते आपोआप बसत नाही. इन्स्टॉलर उघडून 'इंडिव्हिज्युअल कंपोनंट्स'मध्ये 'कोड टूल्स'खाली त्याची खूण करावी लागते. मग सोल्युशन एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू क्लास डायग्राम', किंवा रिकामी डायग्राम फाइल जोडून त्यात क्लास ओढून टाकायचे. मी दुसरी पद्धत वापरतो, कारण पहिलीत प्रकल्पातलं सगळंच येतं. संबंध इथे आपोआप रेषा होत नाहीत, प्रॉपर्टी चौकोनाच्या आतच राहतात. प्रॉपर्टीवर राइट-क्लिक करून 'शो ॲज असोसिएशन' निवडायचं, यादी असेल तर 'शो ॲज कलेक्शन असोसिएशन'. थोडं कष्टाचं आहे, पण प्रत्येक रेषा विचार करूनच येते, हे मला उलट बरं वाटतं.

सावध राहायचं ते एका बाबतीत. क्लास डिझायनर दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणजे चित्रात केलेला बदल कोडमध्ये जातो. मेनूत 'रिमूव्ह फ्रॉम डायग्राम' आणि 'डिलीट कोड' असे दोन पर्याय असतात, आणि घाईत दुसरा निवडला तर क्लास खरोखर जातो. म्हणून आधी कमिट, मग डायग्राम. शिवाय इथे हिरे नाहीत आणि इंटरफेस क्लासच्या डोक्यावर काडीवरच्या गोळ्यासारखा दिसतो. हे काटेकोर यूएमएल नाही. कुणाला तसंच हवं असेल तर हे चित्र पुरणार नाही. व्हिज्युअल स्टुडिओतले यूएमएलचे डिझायनर २०१७ च्या आवृत्तीतच काढून टाकले गेले.

व्हीएस कोडमध्ये मुळात क्लास डायग्राम नाहीच. एक्स्टेन्शन आहेत, पण तिथे भाषेप्रमाणे कमांड लाइनचं साधन चालवणं अधिक भरवशाचं. पायथॉनसाठी पायरिव्हर्स हे पायलिंटसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. प्रकल्पाच्या मुळाशी उभं राहून आउटपुटचं रूप, प्रकल्पाचं नाव आणि पॅकेज द्यायचं. दोन फाइल निघतात, एक क्लासची आणि एक पॅकेजची. पीएनजीला ग्राफव्हिझ लागतं, प्लँटयूएमएल आणि मर्मेडच्या मजकुराला लागत नाही. फक्त नावं हवी असतील तर लहान 'के' चा पर्याय, एकाच क्लासभोवतीचा भाग हवा असेल तर लहान 'सी' आणि क्लासचं नाव. मूळ सेटिंगमध्ये फक्त पब्लिक सदस्य दिसतात, त्यामुळे अंडरस्कोअरने सुरू होणारे गुणधर्म चौकोनात नसतात. ते हवे असतील तर फिल्टरचा पर्याय 'ऑल' करायचा.

पायथॉनमध्ये टाइप कोडमध्ये लिहिलेलेच असतील असं नाही, आणि पायरिव्हर्स ते अनुमानाने काढतं. कन्स्ट्रक्टरमध्ये 'सेल्फ डॉट रेपो' ला तिथल्या तिथे नवा ऑब्जेक्ट दिला असेल तर त्याला टाइप कळतो आणि रेषा येते. ऑब्जेक्ट बाहेरून पॅरामीटर म्हणून आला आणि त्याला टाइप हिंट नसेल तर रेषा येत नाही. म्हणजे चांगली सवय म्हणून इंजेक्शन वापरणारा कोड डायग्राममध्ये सुटासुटा दिसतो आणि घट्ट बांधलेला कोड छान जोडलेला दिसतो! कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरना टाइप हिंट देऊन पुन्हा चालवलं की चित्र बरंच भरतं.

सी-प्लस-प्लसला डॉक्सिजन. नुसतं चालवलं तर वारशाचे साधे चौकोन मिळतात. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'हॅव्ह डॉट' आणि 'यूएमएल लुक' दोन्ही 'येस' करायचे, कोडमध्ये डॉक्युमेंटेशनच्या कॉमेंट नसतील तर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' सुद्धा. व्हेक्टर किंवा स्मार्ट पॉइंटरमधून जाणारे संबंध दिसत नसतील तर 'बिल्टइन एसटीएल सपोर्ट' बहुधा 'नो' असतो. तो चालू केल्यावर स्टँडर्ड लायब्ररीचे कंटेनर त्याला ओळखता येतात. चौकोनाला लाल कडा आली की समजायचं, त्या क्लासचे सगळे संबंध दाखवलेले नाहीत: ग्राफमधल्या नोडची मर्यादा मुळात ५० असते. आणि क्लासमधली सदस्यांची यादी मध्येच तुटली असेल तर 'यूएमएल लिमिट नम फील्ड्स' बघा, तिथे १० असतात.

मजकुरी डायग्राम मी ज्या पॅकेजबद्दल आहे त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवतो आणि फाइलच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून तो एका वाक्यातला प्रश्न लिहितो. पायरिव्हर्स आणि डॉक्सिजन बिल्ड सर्व्हरवर दर वेळी आपोआप चालवता येतात, पण त्यातून निघालेली फाइल हाताने दुरुस्त केलेल्या फाइलवर कधीही लिहू देऊ नका. कच्ची वेगळ्या नावाने, पक्की वेगळ्या नावाने. कच्च्या फाइलमध्ये नवा क्लास किंवा नवी रेषा आल्याचं गिटच्या तुलनेत दिसलं की पक्की उघडायची आणि तेवढीच ओळ विचार करून घालायची, किंवा त्या प्रश्नाशी तिचा संबंध नसेल तर सोडून द्यायची.